बाहेरून बसलेले



बाईंच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा प्रथम मी संकोचलो. माझ्याआधी या व्यासपीठावरून बोलून गेलेल्या विद्वानांची नामावळी मोठी आहे. शिवाय मी या शाळेचा विद्यार्थी असलो तरी बाईंच्या आवडत्यांपैकी कधीच नव्हतो. माझे अक्षर त्यांना वाचवत नसे. तरीही होकार दिला, त्याला कारण एक वही. शाळेची जुनी कपाटे आवरताना बाईंच्या हातची एक शंभर पानी वही सापडली आणि मुख्याध्यापकांनी ती माझ्याकडे पाठवून दिली. त्या वहीकडे मी यथावकाश येणार आहे. पण ती नीट समजायची तर आधी बरेच मागे जावे लागेल, म्हणून श्रोत्यांनी थोडा धीर धरावा.

आपल्या बोलण्यात 'बाहेरून बसणे' असा एक प्रयोग आहे. 'त्यांची सून यंदा बाहेरून मॅट्रिकला बसली आहे,' असे वाक्य माझ्या लहानपणी रामबागेत सहज कानावर येई. शाळेत नाव नाही, हजेरीपटावर नोंद नाही, वर्गात एक दिवसही पाऊल टाकलेले नाही. पण विषय येतो, आणि तो येतो हे तीन तासांच्या कागदावर सिद्ध करण्याची तयारी आहे, असा हा उमेदवार. महाराष्ट्रातली मंडळी त्याला 'सतरा नंबरचा फॉर्म भरला' असे म्हणतात. इकडे मध्य प्रदेशात सरकारी कागदावर त्याला 'स्वाध्यायी' असे भारदस्त नाव आहे. घरात मात्र आपण 'प्रायव्हेट' म्हणतो, आणि म्हणताना आवाज किंचित खाली येतो. तो का खाली येतो, हाच माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

गेल्या वर्षी अमेरिकेतून माझ्या नातीचा फोन आला. ती टेक्सास राज्यात शाळेत शिकते. तिने आनंदाने सांगितले, "आजोबा, मी एक विषय वर्गात न बसताच पुरा केला." मी चौकशी केली तेव्हा कळले की, ज्या विषयाचे शिक्षण शाळेत घेतलेले नाही त्याचीही परीक्षा देता येते आणि ऐंशी टक्के गुण मिळाले तर तो विषय पूर्ण झाला असे शाळेने मानायचे, अशी त्या राज्याच्या कायद्यात तरतूद आहे. नातीला ही फार नवी गोष्ट वाटत होती. मी तिला म्हटले, "तुझ्या पणजीने हेच केले होते, फक्त तिचे कोणी अभिनंदन केले नाही." फोनवर तेवढेच बोलणे झाले. उरलेले आज सांगतो.

आपल्याकडील विद्यापीठांचा जन्मच मुळी वर्गाबाहेर झाला, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने ज्या विद्यापीठांची कल्पना मांडली आणि १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी प्रत्यक्षात आली, ती शिकवणारी विद्यापीठे नव्हती. त्यांना ना अध्यापक होते, ना वर्ग. परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, एवढेच त्यांचे काम. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. १८३६ साली स्थापन झालेले ते विद्यापीठही केवळ परीक्षक होते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे होते. गंमत अशी की, आपण हा नमुना उचलला आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये, लंडनने तो स्वतःच मोडला. नव्या सनदेनुसार महाविद्यालयात शिकल्याचा दाखला लंडनच्या बहुतेक पदव्यांसाठी आवश्यक राहिला नाही. कोणीही, कोठूनही अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे. आपण मात्र जुनेच धरून बसलो. मुंबई विद्यापीठात बी. ए. व्हायचे तर संलग्न कॉलेजात 'टर्म भरणे' भाग होते. टर्म भरणे याचा अर्थ शिकणे असा नव्हे. हजर राहणे असा होता.

मॅट्रिक मात्र या बंधनातून सुटली होती. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली; न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा म्हणजे विद्यापीठाच्या वाड्याचा दिंडीदरवाजा होता, आणि दरवाजाशी येईपर्यंत तुम्ही कोणत्या वाटेने चाललात याची चौकशी विद्यापीठ फारशी करीत नसे. शाळेतून या, पंतोजीकडून या, घरी दिव्याखाली वाचून या. गावोगावचे प्राथमिक शिक्षक, कचेऱ्यांतले कारकून यांनी नोकरी सांभाळून ही परीक्षा दिली ती या सवलतीच्या आधारावर. आत गेल्यावर मात्र हजेरी सुरू. इतिहासाचार्य राजवाडे यांचे उदाहरण मराठीच्या विद्यार्थ्याला आठवल्याखेरीज राहात नाही. वर्गातल्या अध्यापनाविषयी त्यांचे मत किती कडवट होते ते त्यांनी शाळाकॉलेजांतल्या स्वानुभवांवर लिहून ठेवलेच आहे. ते शिकले ते ग्रंथालयात, पण बी. ए. होण्यासाठी टर्मा त्यांनाही भराव्याच लागल्या, आणि ती पदवी १८९१ साली हाती आली.

मॅट्रिकच्याही खाली मराठी शाळांच्या सहावी-सातवीच्या सरकारी परीक्षा होत्या. पुढे 'व्हर्नाक्युलर फायनल' या नावाने जी ओळखली गेली ती परीक्षा म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या आणि तलाठ्याच्या नोकरीची किल्ली. या परीक्षांच्या इतिहासातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, आणि तो आपणा सर्वांना माहीत असलेल्या एका थोर पुरुषाच्या आयुष्यातला आहे.

१८७५ साल. दापोली तालुक्यातल्या मुरुड गावचा धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेला बसायला निघाला. समुद्र खवळलेला असल्याने मुंबईची बोट मिळेना, तेव्हा सोबत्यांसह त्याने साताऱ्याची वाट धरली. पाऊसकाळ, सह्याद्रीचा घाट, शंभराहून अधिक मैलांची पायपीट. सातारला पोचून तो परीक्षामंडळापुढे उभा राहिला. वयाची अट सतरा वर्षांची होती आणि मुलाला सतरावे उलटून गेले होते. पण अंगाने किरकोळ, दिसायला लहान. परीक्षाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि परीक्षेला न बसवता परत पाठवले. पुढे कोल्हापूरच्या केंद्रावर त्याने ती परीक्षा दिली. 'आत्मवृत्ता'त कर्व्यांनी हा प्रसंग कसलाही आक्रोश न करता सांगितला आहे. आक्रोश त्यांच्या स्वभावातच नव्हता. मला मात्र या प्रसंगात पुढची सत्तर-ऐंशी वर्षे दिसतात. शंभर मैल चालून आलेल्या मुलाला काय येते, हे कोणी विचारलेच नाही. तो कसा दिसतो, एवढेच पाहिले गेले.

बाहेरून बसणाऱ्याची ही कायमची अडचण आहे. शाळेच्या मुलाची हमी शाळा देते. याची हमी कोण देणार? मग वय, चालचलणूक, रहिवास, कोणा हेडमास्तराची सही, असे एकेक दाखले मागितले जातात आणि ज्ञानाची परीक्षा होण्याआधीच माणसाची परीक्षा होऊन जाते.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही पहिली परीक्षा कित्येक वर्षे संपलीच नाही. १८७६ मध्ये चंद्रमुखी बसू या मुलीने कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्याची परवानगी मागितली. तिला बसू दिले, ती उत्तीर्णही झाली. पण तिचे नाव उत्तीर्णांच्या यादीत घालावे की नाही याची खल विद्यापीठात चालत राहिली. १८७८ मध्ये कलकत्त्याने आणि १८८३ मध्ये मुंबईने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. परीक्षा खुली झाली खरी. पण शिकायचे कोठे? मुलींची हायस्कुले मोठ्या शहरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लग्न बाराव्या-तेराव्या वर्षी. लग्नानंतर वर्गात जाऊन बसणे ही गोष्ट चार-दोन सुधारकांची घरे सोडली तर कल्पनेबाहेरची. म्हणजे दार उघडले गेले आणि दारापर्यंतचा रस्ताच नव्हता.

सातारच्या केंद्रावरून परत पाठवलेला मुलगा इथे पुन्हा भेटतो. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ मध्ये महिला विद्यालय, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. डॉ. भांडारकर त्याचे पहिले कुलपती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्याला त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण, हे त्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य आपण नेहमी सांगतो. त्याची पदवीधर स्त्री 'गृहीतागमा' म्हणवली जाई आणि त्यापुढची 'प्रदेयागमा'. हे शब्द आज कोणाला उच्चारता येत नाहीत, पण मला ते फार आवडतात. त्या विद्यापीठाचे दुसरे वैशिष्ट्य तेवढेच महत्त्वाचे आहे आणि आपण ते क्वचित सांगतो : घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांना त्याने परीक्षेला बसू दिले. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी विद्यापीठ घराच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याचा हा प्रयत्न होता. त्याची किंमतही त्या स्त्रियांनी मोजली. सरकारी मान्यता नसल्यामुळे या पदवीला नोकरीच्या बाजारात पुष्कळ वर्षे भाव नव्हता. १९४९ चा कायदा होईपर्यंत ते विद्यापीठ स्वतःच एका अर्थाने 'बाहेरून बसलेले' होते.

आता जरा कायद्याकडे वळतो. नीरस आहे, पण थोडक्यात आवरतो. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ चा विद्यापीठ कायदा झाला. गोखल्यांनी त्याला कायदेमंडळात कसून विरोध केला, तो मुख्यतः विद्यापीठांवरील सरकारी पकडीच्या मुद्द्यावर. त्या कायद्यात एक कलम होते, ज्याच्याकडे त्या गदारोळात फार थोड्यांचे लक्ष गेले असावे. मॅट्रिकखेरीज विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेला बसायचे तर संलग्न महाविद्यालयात नेमलेला अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखला पाहिजे. अपवाद करायचा तर सिंडिकेटची शिफारस आणि सिनेटचा खास ठराव. पन्नास वर्षे जे रूढीने चालत होते ते आता कायद्याने पक्के झाले. नियम हजेरीचा, अपवाद ज्ञानाचा.

पण अपवादाची ती फट पुरेशी ठरली. निरनिराळ्या विद्यापीठांनी नियम करकरून दोन प्रकारच्या माणसांना त्यातून आत घेतले : नोकरीत असलेले शिक्षक आणि स्त्रिया. आपल्या इंदूरकडच्या लोकांना या बाबतीत आग्रा विद्यापीठाचे ऋण मान्य केले पाहिजे. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पंखाखाली मध्य भारत आणि राजपुतान्यातली कॉलेजे आली. शाळाखात्यातला मास्तर दिवसा वर्ग घ्यायचा, रात्री अभ्यास करायचा आणि ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर आग्र्याची बी. ए., पुढे एम. ए. द्यायचा. मॅट्रिक-इंटरसाठी १९२९ पासून राजपुताना, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांचे मिळून अजमेरला बोर्ड होते. इंदूरच्या मराठी घरातल्या बाईची परीक्षा अजमेरला ठरायची, ही आजच्या मुलांना दंतकथा वाटेल. १९५७ मध्ये उज्जैनला विक्रम विद्यापीठ झाले, १९६४ मध्ये इंदूरचे स्वतःचे. तोवर अर्जाचे पाकीट कोणत्या गावी टाकायचे हे दर पिढीला नव्याने शिकावे लागले.

उत्तरेत, पंजाबात, याहून वेगळा मार्ग होता. आधी हिंदी, संस्कृत, पंजाबी अशा भाषेची परीक्षा द्यायची आणि मग तेवढी इंग्रजी देऊन मॅट्रिक, तशीच पुढे बी. ए. पदरात पाडायची. या पदवीला लोक 'व्हाया भटिंडा' म्हणून हसत. भटिंडा हे आडमार्गाचे जंक्शन. सरळ गाडी चुकली की तिथून वळसा घालून जायचे. विनोद चांगला आहे, पण हसणारे बहुधा सरळ गाडीत जागा मिळालेले होते.

आता माझ्या घरातली गोष्ट. ती इतिहासाच्या व्याख्यानात सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण बाईंचा आणि तिचा संबंध आहे.

माझी आई मराठी पाचवी शिकून सोळाव्या वर्षी इंदूरला सासरी आली. अण्णा कापडाच्या मिलमध्ये हिशेबनीस होते. १९५४ मध्ये मिलची एक पाळी बंद झाली आणि अण्णांचा पगार निम्म्यावर आला. घरात सात माणसे. आईने मॅट्रिक व्हावे आणि प्राथमिक शाळेत नोकरी धरावी, ही कल्पना नक्की कोणाची हे मला आजही ठाऊक नाही. दोघेही ती एकमेकांवर ढकलत. मला आठवते ते आजीचे वाक्य. आजी देवघरातून म्हणाली, "सूनबाई, शिकायचे तर शीक, पण बोळातून दप्तर घेऊन जाऊ नकोस." म्हणून आईची पुस्तके भाजीच्या पिशवीत असत, वर मेथीची जुडी.

बाई तेव्हा या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. दुपारी दोन ते चार, मुलींची सकाळची शाळा सुटल्यावर, मागच्या वऱ्हांड्यात त्या सात-आठ संसारी बायकांना शिकवीत. फी नव्हती. संस्थेच्या कोणत्याही अहवालात या वर्गाचा उल्लेख नाही. तो सरकारी अर्थाने वर्गच नव्हता. या बायकांची हजेरी घेणे शक्य नव्हते आणि बाईंनी ती कधी घेतलीही नाही. कोणाकडे पाहुणे, कोणाचे बाळंतपण, कोणाकडे श्राद्ध. आठवड्यातून दोनदा आली तरी पुष्कळ.

१९५७ मध्ये आईने पहिल्यांदा अर्ज भरला. अर्ज एका कार्यालयात स्वतः नेऊन द्यावा लागे. तिथल्या कारकुनाने तो वाचला आणि विचारले, "इतकी वर्षे शाळेत का गेला नाहीत?" आईने खरे ते सांगितले. त्याने अर्ज परत केला. कारण दिले की जन्मतारखेचा दाखला शाळेचा नाही, पत्रिकेवरून केलेले प्रतिज्ञापत्र चालणार नाही. मुदतीचा शेवटचा दिवस होता. ते वर्ष गेले. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि मी शेजारी बसलो होतो, तेव्हा तिने मला सातारला पायी गेलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट त्याच दुपारी बाईंनी वऱ्हांड्यात तिला सांगितली होती. पुढच्या वर्षी, १९५८ मध्ये, बाई स्वतः तिच्याबरोबर अर्ज द्यायला गेल्या. त्याच वर्षी शंभरीच्या महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळाले. बातमी आली तेव्हा बाईंनी वऱ्हांड्यात पेढे वाटले, आणि त्यातला अर्धा माझ्या वाट्याला आला.

आई मॅट्रिक झाली. दुसऱ्या वर्गात. गणितात तिला बहात्तर गुण होते. पुढे तिने एकवीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि विक्रम विद्यापीठाची बी. ए. स्वाध्यायी म्हणूनच दिली.

असे असताना, सांगायला लाज वाटते, मी प्राध्यापक झाल्यावर काय केले? मी तरुण होतो, नियमित विद्यार्थी म्हणून एम. ए. झालो होतो, आणि 'प्रायव्हेट' विद्यार्थ्यांविषयी आमच्या स्टाफरूममध्ये जे बोलले जाई ते मीही बोलत असे. त्यांना मार्गदर्शिका पाठ असतात, ग्रंथ वाचलेला नसतो, वगैरे. एके वर्षी एम. ए. च्या उत्तरपत्रिका तपासताना ज्ञानेश्वरीवरच्या प्रश्नाचे एक उत्तर हाती आले. भाषा ओबडधोबड, शुद्धलेखन यथातथा. पण ओव्या अशा काही उलगडल्या होत्या की त्यावरून मी पुढच्या वर्षी माझी टिपणे बदलली. तोंडी परीक्षेच्या वेळी कळले की त्या बाई धारकडच्या एका खेड्यातल्या, स्वाध्यायी. वीस वर्षे घरी रोज पारायण चाललेले. मी त्यांना विचारले, "हे कोणत्या पुस्तकात वाचलेत?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "ज्ञानेश्वरीत," त्या म्हणाल्या. त्या दिवसानंतर मी स्टाफरूममध्ये गप्प बसू लागलो.

तरीही या पद्धतीचे गोडवे गायला मी उभा नाही. तिची मर्यादा मी जवळून पाहिली आहे. ज्या विषयांना प्रयोगशाळा लागते ते बाहेरच्यांना बहुधा बंदच असत. माझ्या आईची गणिताची बुद्धी आज असती तर ती अभियंता झाली असती, असे माझी नात म्हणते. मला वाटते निदान विज्ञान शिकली असती. हजारो स्त्रिया 'आर्ट्स'ला गेल्या त्या आवडीने गेल्या, असे जे मानले जाते त्यात बरेच असत्य आहे. दुसरे दारच उघडे नव्हते. शिवाय, तीन तासांच्या पेपरात जेवढे मावते तेवढेच सिद्ध होते. वाद घालणे, चूक कबूल करणे, दुसऱ्याचे उत्तर आपल्यापेक्षा बरे आहे हे ऐकून घेणे, या गोष्टी एकट्याने शिकता येत नाहीत. आई जन्मभर सभेत बोलायला बिचकली. 'मला वर्गात हात वर करायची सवयच नाही,' असे ती म्हणे.

आणि हजेरी ही केवळ जाचक गोष्ट आहे असेही नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. गुरे राखायला पाठवलेल्या पोराच्या बाजूने तिथे हजेरीपट उभा होता. लहान मुलाला हजेरीचे संरक्षण हवे; पण बत्तीस वर्षांच्या, सात माणसांचा स्वयंपाक करून आलेल्या बाईला तुम्ही तोच हजेरीपट दाखवता, तेव्हा त्याचा अर्थ उलटा होतो. आपल्या नियमांनी हा फरक फार उशिरा ओळखला. १९७९ मध्ये केंद्रीय माध्यमिक मंडळाने मुक्त शाळेचा प्रयोग सुरू केला, १९८९ मध्ये तिची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली, १९९५ मध्ये आपल्या मध्य प्रदेशाची ओपन स्कूल निघाली. अलीकडे, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, कुठेही मिळवलेल्या शिक्षणाचे श्रेयांक जमा करून ठेवण्याची भाषा सुरू झाली आहे. ती भाषा मी कुतूहलाने वाचतो. दुसरीकडे, कोट्याला शिकवणीला गेलेल्या मुलांची नावे गावच्या 'डमी' शाळेत हजर लागतात, हेही आपण सारे जाणतो. आईच्या काळी ज्ञान होते आणि हजेरी नव्हती. आता हजेरी आहे आणि मूल सहाशे किलोमीटरवर आहे. दोन्हींत कागदाला काही फरक पडत नाही.

आता ती वही.

वहीवर नाव नाही, साल नाही. आत प्रत्येक पानाच्या डोक्याला एकेका बाईची खूण आहे. पूर्ण नावे बाईंनी मुद्दामच लिहिली नसावीत. 'पाठक वाड्यातल्या वहिनी', 'दवाखान्याजवळच्या', 'मोठ्या डोळ्यांच्या'. खाली तारखा नाहीत, किती दिवस आल्या याचा हिशेब नाही. प्रत्येक पानावर फक्त काय येते आणि काय येत नाही याची नोंद आहे. 'त्रैराशिक येते. व्याज येते, चक्रवाढ चुकते.' 'नद्या पाठ, नकाशावर दाखवता येत नाहीत.' 'निबंध चांगला, पण घाबरून अर्धा सोडतात.' एखादी गोष्ट जमली की त्या ओळीवर बाईंनी लाल पेन्सिलीने बारीक टिंब दिले आहे. काही पाने टिंबांनी भरली आहेत, काही मध्येच थांबली आहेत. अशी एकूण एकतीस पाने आहेत.

अठराव्या पानावर 'मेथीवाल्या' असे लिहिले आहे. त्या पानावर एकच ओळ टिंबावाचून राहिली आहे : 'प्रश्न विचारीत नाहीत.'

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची जी सूची शताब्दीनिमित्त छापायची घाटते आहे तिचे काम समितीने माझ्याकडे दिले आहे. सूचीचा आधार हजेरीपट. त्या एकतीस बायकांपैकी एकीचेही नाव त्यात नाही. आईची अंकसूची माझ्याजवळ आहे. तिच्यावर शाळेच्या नावाच्या रकान्यात शाईने एक आडवी रेघ ओढलेली आहे. या सभागृहात कोणाच्या आजीने, आईने, मावशीने तो दुपारचा वर्ग पाहिला असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटावे. वही मी बरोबर आणली आहे, आणि पाने कोणाची हे ओळखायला मला मदत हवी आहे.